समुद्रात मीठ नेमकं किती? आणि मृत समुद्राचा आकडा दर ठिकाणी वेगळा का?

मोजपट्टी

एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. मी ते तपासायला गेलो आणि पंचाईत झाली. नीट गाळलेलं पाणी वजन करून आटवलं. तळाशी राहिलं त्याचं वजन ३५ च्या बरंच वर. ओल राहिली असेल म्हणून पुन्हा तापवलं, वजन उतरलं. झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत चढलं. मग चांगलं कडकडीत तापवलं तर वजन उतरतच गेलं, आणि नाकात असं काही झणझणलं की खिडक्या उघडाव्या लागल्या. म्हणजे खरा आकडा कुठला धरायचा?

दुसरं, मृत समुद्रात एका ठिकाणी ३४ टक्के क्षार लिहिलेत, दुसरीकडे २८. दोन्ही लिखाणं भरवशाची. थेंबभर फरक असता तर सोडून दिला असता.

तिसरं, नद्या गोड्या आणि त्या जिथे जातात तो समुद्र खारट. ठीक. पण एवढ्या कोट्यवधी वर्षांत सगळ्या समुद्रांचा मृत समुद्र का झाला नाही?

'निसर्गाची किमया' हे उत्तर आगाऊच नामंजूर.

टवाळ_खार

पहिल्या रांगेत बसलोय. या विषयावर माझं नाव आधीच राखून ठेवलेलं दिसतंय.

सावकाश

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे हो. नद्या क्षार आणतात, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागे राहतं. समुद्र रोज किंचित जास्त खारट होतोय. आपलं आयुष्य तोकडं म्हणून कळत नाही, इतकंच. मृत समुद्र पुढे गेलाय, बाकीचे त्याच वाटेवर आहेत.

रसायन_मास्तर

मोजपट्टी, पहिला प्रश्न आवडला, कारण याच अडचणीनं एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना घाम फोडला होता.

समुद्राचं पाणी म्हणजे मीठ घातलेलं पाणी नव्हे. किलोभर पाण्यात साधारण १९.४ ग्रॅम क्लोराइड, १०.८ ग्रॅम सोडियम, २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ च्या आसपास. बाकी सगळं चिल्लर. घोळ घालतो तो मॅग्नेशियम. त्याचं क्लोराइड पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून बसतं, सहजासहजी सोडत नाही, आणि उघडं ठेवलं की हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून तुमचं वजन चढतं. फार तापवलं तर ते फुटतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. नाकात झणझणलं ते हेच, कृपया बंद खोलीत करू नका. जो वायू उडाला त्याचं वजन तुमच्या ताटलीतून गेलं. कार्बोनेटचीही तापवल्यावर अशीच गळती होते.

आटवताना नीट पाहिलंत का? आधी काचेवर पांढुरकी साय धरते, ती नंतर पाण्यात विरघळता विरघळत नाही. ती कॅल्शियमची, पहिल्यांदा कार्बोनेट आणि मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पाणी मूळच्या साधारण दहाव्या भागावर आलं की मग मिठाचे चौकोनी स्फटिक पडायला लागतात, काही पृष्ठभागावरच तरंगत वाढतात आणि मधून पोकळ राहतात. शेवटी उरतो तो जाडसर, बुळबुळीत द्रव. तो काही केल्या सुकत नाही. जिभेला लावाल तर खारट कमी, कडूजहर जास्त. मिठागरात तो वेळेत काढून टाकतात, नाहीतर मीठ कडवट आणि सदा ओलं निघतं.

थोडक्यात, आटवून मोजणं हा दिसायला सोपा पण अत्यंत नाठाळ मार्ग आहे. १९०२ साली लवणतेची जी व्याख्या ठरली तीच वाचा: एक किलो पाण्यातले घन पदार्थ, पण सगळ्या कार्बोनेटचं ऑक्साइड करून, ब्रोमीन-आयोडीनच्या जागी क्लोरीन धरून आणि सेंद्रिय भाग जाळून. इतक्या अटी का, ते आता तुमच्या लक्षात येईल.

मोजपट्टी

दंडवत. साय दिसली होती, मला वाटलं भांडं नीट धुतलं नव्हतं. पण मग ३५ कसं काढलं त्यांनी? दर वेळी एवढा खटाटोप करून?

रसायन_मास्तर

नाही, पळवाट शोधली. मार्सेट नावाच्या शास्त्रज्ञानं १८१९ मध्ये सुचवलं होतं की समुद्र कुठलाही असो, क्षार कमीजास्त असतील, पण क्षारांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. पुढे 'चॅलेंजर' जहाजानं १८७२ ते १८७६ जगभर फिरून पाणी गोळा केलं, आणि डिटमारनं त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ मध्ये हे पक्कं केलं. प्रमाण ठरलेलं असेल तर एकच घटक नीट मोजला की बाकीचे आपोआप कळतात. क्लोराइड मोजणं सोपं: सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडायचं. येईल त्या आकड्याला १.८०६५५ नं गुणलं की लवणता. अनेक दशकं जगभर हेच चाललं.

आता तेही नाही. १९७८ पासून पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतात आणि पोटॅशियम क्लोराइडच्या एका ठरावीक द्रावणाशी तुलना करतात. दोन वाहकतांचं गुणोत्तर असल्यामुळे त्या ३५ ला एककच नाही. २०१० पासूनच्या नव्या पद्धतीत पुन्हा ग्रॅम आले, आणि तिथे जुन्या ३५ ला किलोमागे ३५.१६५ ग्रॅम असं धरतात.

टवाळ_खार

एवढं करून ०.१६५ ग्रॅमनं चुकतच होते म्हणायचे.

प्रवाळ

वाहकतेवरून आठवलं. खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवणाऱ्या नवशिक्यांची नेहमीची तक्रार: टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) पेन बुडवलं आणि आकडाच येत नाही. येणार कसा? ती पेनं पिण्याच्या पाण्यासाठी. बहुतेकांची धाव ९९९० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) पर्यंत, समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात. शिवाय पेन आतल्या आत एक गुणक धरून चालतं, तो या पाण्याला लागू नसतो.

मी प्रकाश किती वाकतो त्यावर चालणारं रिफ्रॅक्टोमीटर वापरते. दोन थेंब, झाकण, उजेडाकडे धरा, निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर वाचा. पण त्यालाही नीट लावून घ्यावं लागतं, आणि तेही ३५ च्या प्रमाणित द्रावणानं. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून लोक खूश होतात; काही यंत्रं साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात, ती समुद्राच्या पाण्यात दीडेक अंशानं फसवतात. प्रवाळाला त्रास व्हायला तेवढं पुरतं.

जुना_खलाशी

आमच्या धंद्यात मीठ कुणी मोजत नाही, घनता मोजतात. बोजा भरताना बंदरातलं पाणी किती जड आहे त्यावर जहाज किती बुडणार हे ठरतं. खुल्या समुद्राचं पाणी १.०२५, नदीचं १.०००, आणि नदीमुखावरच्या बंदरात यामधलं काहीही, तेही भरतीला वेगळं आणि ओहोटीला वेगळं. म्हणून जहाजाच्या कुशीवर रेघा असतात त्यात गोड्या पाण्याची रेघ वर. गोड्या पाण्यात तेवढं जास्त बुडलं तरी चालतं, कारण समुद्रात गेल्यावर जहाज आपोआप उचललं जातं.

माप घ्यायचं काम साधं, पण बारकाव्यांचं. बादली सोडायची ती जहाजाच्या मध्यावर, जिथे आपलंच सांडपाणी पडत नाही अशा बाजूला. वरवरचं नको, जरा खोलवरचं. हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती कांडी) पाण्यात सोडून बोटांनी हलकी गिरकी द्यायची, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. एक बुडबुडा राहिला तरी कांडी वर येते आणि पाणी आहे त्यापेक्षा जड दिसतं. मग डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं. नवीन पोरं उभ्यानं वाकून वाचतात आणि चीफ ऑफिसरच्या शिव्या खातात.

भूस्तर

सावकाश, तुमचं म्हणणं थेट एडमंड हॅलीचं आहे. हो, धूमकेतूवालाच. त्यानं १७१५ मध्ये सुचवलं की ज्या तळ्यांना बाहेर वाट नाही त्यांचा खारेपणा मोजून ठेवा, काही शतकांनी पुन्हा मोजा, वाढीच्या वेगावरून पृथ्वीचं वय निघेल. १८९९ मध्ये जॉन जोलीनं हाच हिशेब समुद्राच्या सोडियमवर मांडला. समुद्रातलं एकूण सोडियम भागिले नद्या दरवर्षी आणतात ते. उत्तर आलं आठ-नऊ कोटी वर्षं.

पृथ्वीचं वय ४५० कोटींच्या वर आहे. हिशेब साफ गडगडला, कारण त्यात फक्त जमा होती, खर्च नव्हता. समुद्रातून क्षार बाहेरही पडतात. शंख-शिंपले आणि प्रवाळ कॅल्शियम उचलतात. समुद्रतळाचा तप्त खडक मॅग्नेशियम गिळतो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ तळावरचे ते गरम झरे सापडले तेव्हा याचा मोठा उलगडा झाला. सोडियमचा काही भाग चिकणमातीत आणि खडकात अडकतो, काही वाऱ्यावरच्या तुषारांतून परत जमिनीवर जातो. आणि उपसागर तुटून आटले की मिठाचे थरच्या थर पुरले जातात. जवळपास ६० लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र अटलांटिकपासून तुटला, आणि त्याच्या तळाखाली आजही काही ठिकाणी किलोमीटरहून जाड मीठ आहे.

नदीत मुख्यतः कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतं, समुद्रात सोडियम आणि क्लोराइड. नदीचं पाणी नुसतं आटवून समुद्र होत नाही तो यामुळे. समुद्र म्हणजे धर्मशाळा आहे. कॅल्शियम दहाएक लाख वर्षांत निघून जातो, सोडियम कोट्यवधी वर्षं मुक्काम ठोकतो, क्लोराइड त्याहून जास्त. गर्दीत आपल्याला जुने मुक्कामीच दिसतात. क्लोराइड तर मुळात खडकांतून फारसा आलाच नाही, ज्वालामुखींच्या वायूंतून आला.

सावकाश

माहिती छान, पण गाडी अजून स्टेशनातच आहे. खडक, शिंपले, चिखल मृत समुद्रालाही आहेत. तो का नाही वाचला?

भूस्तर

रास्त प्रश्न. फरक वेगाचा आणि वाटेचा.

लाल समुद्र घ्या. नद्या जवळपास नाहीत, दरवर्षी सुमारे दोन मीटर पाणी वाफ होऊन जातं. याचा मृत समुद्र व्हायला किती वेळ लागावा? तरी तिथे किलोमागे ४० ग्रॅमच आहेत. कारण बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून वरच्या अंगानं कमी खारट पाणी आत येतं आणि जड, जास्त खारट पाणी तळाशी सरपटत बाहेर पडतं. जिब्राल्टरला भूमध्याचंही तेच. बाहेर जायला दार आहे, एवढंच. दार बंद झालं तेव्हा त्याच भूमध्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

मृत समुद्राला दार नाही, आणि पसारा लहान. येणाऱ्या क्षारांच्या मानानं पाणी इतकं थोडं की मुरवणारी संथ यंत्रणा पुरी पडत नाही. पाणी क्षारांनी भरून जातं आणि मग एकच वाट उरते: मीठ तळाशी पडणं.

उत्तरवारा

दाराचा याहून चांगला दाखला कास्पियनचा. त्याला समुद्राकडे वाट नाही, तरी किलोमागे १२-१३ ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्याच्या पूर्वेला कारा-बोगाज-गोल नावाचा उथळ आखात आहे. चिंचोळ्या तोंडातून कास्पियनचं पाणी आत शिरतं आणि तिथेच आटतं, मीठ तिथेच पडतं. म्हणजे कास्पियनचं आपलं स्वतःचं मिठागर.

कास्पियनची पातळी घटतेय म्हणून १९८० मध्ये सोव्हिएत अभियंत्यांनी ते तोंड बांध घालून बंद केलं. पाणी वाया जातंय, हा हिशेब. आखात काही वर्षांत कोरडा पडला, मिठाची धूळ उडायला लागली, आणि इकडे कास्पियनची पातळी बांधाच्या आधीपासूनच आपणहून वाढायला लागली होती. १९९२ मध्ये बांध फोडला.

टवाळ_खार

अभियंत्यांनी खाल्ल्या मिठाला जागायला हवं होतं.

पाण्यावर_आडवी

मृत समुद्रात उतरलेय म्हणून लिहिते. तरंगायला काही करावं लागत नाही हे सगळे सांगतात. उभं राहता येत नाही हे कुणी सांगत नाही. कमरेएवढ्या पाण्यात गेलं की पाय आपोआप वर येतात आणि ते खाली न्यायला अक्षरशः जोर लावावा लागतो. पोटावर झाले तर उलटता येईना, आणि तोंड पाण्यात जाण्याची भीती खरी असते. पाणी हाताला तेलकट लागतं. ओठांवर थेंब आला तो खारट नव्हताच, नुसता कडू आणि जळजळीत. मास्तरांनी लिहिलेला तो शेवटचा बुळबुळीत द्रव वाचला आणि लगेच ती चव आठवली.

रसायन_मास्तर

बरोबर ओळखलंत. मृत समुद्र म्हणजे मोठ्या अंगानं तो शेवटचा द्रवच आहे. तिथे सोडियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त. ब्रोमीन लिटरला पाचेक ग्रॅम, समुद्रात ते ०.०७ सुद्धा नाही. सल्फेट जवळपास नाहीच, कारण कॅल्शियमनं ते जिप्सम करून खाली पाडलंय.

म्हणून 'मृत समुद्रात समुद्राच्या दहापट मीठ' हे वाक्य मला खटकतं. क्षार आठ-दहापट, पण ते मीठ नाही. डिटमारचा नियम तिथे लागू नाही, १.८०६५५ नं गुणून काही हाती येत नाही. वाहकताही उपयोगाची नाही. इतक्या दाट द्रावणात आयन एकमेकांच्या पायात पाय घालतात. तिथे काम करणारे लोक जुन्या_खलाशांसारखी घनताच मोजतात.

मोजपट्टी

मग ३४ की २८? हा प्रश्न मी सोडलेला नाही.

घनता

दोन्ही. आकडे एकाच पाण्याचे आहेत, भागाकार वेगळ्यानं केलाय.

एक लिटर मृत समुद्रात सुमारे ३४० ग्रॅम क्षार. पण त्या लिटरचं वजन एक किलो नाही, १.२४ किलो आहे. ३४० भागिले १.२४ केलं की किलोमागे २७४ ग्रॅम, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. लिटरवाला ३४ लिहितो, किलोवाला २८. दोघंही टक्केच म्हणतात, आणि खरं तर पहिल्याला तसं म्हणायचा हक्क नाही, कारण त्यानं वजनाला आकारमानानं भागलंय.

समुद्राच्या पाण्यात हा घोळ लपून राहतो: किलोला ३५, लिटरला ३५.९. कुणाच्या लक्षातही येत नाही. पाणी दाट होत जातं तशी दरी रुंदावते. त्यामुळे खाऱ्या तळ्यांची कुठलीही तुलनेची यादी दिसली की आधी बघा, किलो का लिटर. अर्ध्या याद्यांत दोन्ही एकाच रकान्यात सुखानं नांदत असतात.

मोजपट्टी

हुश्श. हे कुठेच कुणी स्पष्ट लिहीत नाही. दुसरा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

अंटार्क्टिका_फॅन

पण मृत समुद्र जगात सर्वात खारट नाहीच! अंटार्क्टिकात डॉन हुआन नावाचं डबकं आहे, १९६१ मध्ये सापडलं. घोटाभर पाणी, पण ४० टक्क्यांच्या वर क्षार. उणे ५० अंशाच्या थंडीतही गोठत नाही.

रसायन_मास्तर

मान्य, पण तिथेही सगळं कॅल्शियम क्लोराइड. साध्या मिठाचं पाणी २६ टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही, पुढचं मीठ तळाशी बसतं. म्हणून २६ च्या वरचा आकडा दिसला की समजायचं, दुसरा कुणीतरी क्षार आहे. किंवा लिटरवाला भागाकार आहे.

घनता

+१. हे वाक्य धाग्याच्या माथ्यावर लावा.

खगोलवेडा

लोणारचं कुणी नाव काढलं नाही? बेसाल्टमधलं उल्काविवर, व्यास १.८ किलोमीटर, बाहेर वाट नाही. २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे फोटो होते. ते कितवं लागतं?

भूस्तर

या यादीत ते फार वर येणार नाही, आणि त्याचं वैशिष्ट्यही ते नाही. लोणारचा सामू (पीएच) १० च्या आसपास आहे, समुद्राचा ८.१. पाणी साबणासारखं लागतं ते कार्बोनेटमुळे. आत येणाऱ्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा कार्बोनेट जास्त असेल, तर आटताना सगळं कॅल्शियम चुनखडी होऊन आधीच संपतं आणि मागे सोडियम कार्बोनेट साठत जातं. उलट कॅल्शियम जास्त असेल तर कार्बोनेट संपतं आणि तळं मृत समुद्राच्या वळणावर जातं. सुरुवातीच्या पाण्यात थोडा फरक, शेवटी दोन पूर्ण वेगळी तळी. तुर्कस्तानातलं वान सरोवर लोणारच्या जातीचं: सामू ९.७ च्या आसपास, पण क्षार लिटरला २२ ग्रॅम, समुद्रापेक्षा कमी.

गुलाबी रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून ते सांगितलं. पाणी कमी झालं, खारेपणा वाढला, त्यांचं फावलं. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग फिका झाला.

अर्धवटराव

अवांतर: समुद्रावर अडकलं तर थोडं थोडं खारं पाणी प्यायला चालतं म्हणे. एका फ्रेंच डॉक्टरनं करून दाखवलंय.

जुना_खलाशी

अलाँ बोंबार, १९५२. रबरी होडीतून ६५ दिवसांत अटलांटिक ओलांडला. माशांचा रस, पावसाचं पाणी आणि थोडं समुद्राचं, असं त्याचं म्हणणं. पोचला तेव्हा २५ किलो उतरला होता. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरनं स्वतः लहान होड्यांतून ओलांडून त्याच्याशी उघड असहमती दाखवली. आमच्या प्रशिक्षणात शिकवतात ते एकच: पिऊ नका. आपली मूत्रपिंडं समुद्राइतकं खारट मूत्र बनवू शकत नाहीत, त्यामुळे आत घेतलेलं मीठ बाहेर टाकायला अंगातलंच पाणी खर्च होतं. प्यायलेल्यापेक्षा जास्त.

प्रवाळ

अल्बट्रॉसला जमतं ते. डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात, चोचीवरून टपटप खारं पाणी गळतं.

जुना_खलाशी

जहाजावर आम्ही पाणी समुद्रापासूनच करतो, पण निर्वातात उकळून. दाब कमी केला की ४०-५० अंशालाच उकळतं, इंजिनाची वाया जाणारी उष्णता पुरते. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर वाहकतेचा पहारा असतो. दहा पीपीएमच्या वर गेलं की घंटा वाजते आणि पाणी आपोआप टाकीऐवजी परत वळवलं जातं.

सावकाश

भूस्तर, दाराचा मुद्दा पटला. पण मग उलटही खरं असलं पाहिजे: येणारं पाणी माणसानं अडवलं तर तळं भराभर खारं होईल. त्याला भूगर्भीय काळ लागू नये.

उत्तरवारा

लागत नाहीच. अरल समुद्र १९६० मध्ये लिटरला १० ग्रॅमच्या आसपास होता. आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि दक्षिण भाग काही दशकांत शंभराच्या वर गेला, मासे संपले. उत्तरेकडच्या छोट्या भागाला २००५ मध्ये कोकाराल बांध घालून वेगळं केलं, तिथे खारेपणा उतरला आणि मासेमारी परत सुरू झाली. कॅलिफोर्नियातलं मोनो लेक १९४१ पासून असंच, ओढे शहराकडे वळवले आणि चाळीस वर्षांत खारेपणा दुप्पट.

मृत समुद्राची पातळीही वर्षाला मीटरभर उतरतेय. गंमत म्हणजे त्याचा आकडा तितक्या वेगानं वाढत नाही, कारण मीठ तळाशी पडत जातं. बदलतं ते आतलं मिश्रण: सोडियम कमी, मॅग्नेशियम जास्त. पाणी दाट होतं तशी वाफही कमी निघते, म्हणून पूर्ण कोरडा पडेल असं नाही.

मोजपट्टी

म्हणजे माझा पहिला आणि तिसरा प्रश्न एकच होता म्हणायचा. आटलं की कोण आधी बाहेर पडतो, कोण शेवटपर्यंत राहतो. ताटलीत तेच, समुद्रात तेच. पण एक अजून खुपतंय. ३५ ही सरासरी. खुल्या समुद्रात फरक कितपत पडतो? आणि पडला तर काय बिघडतं?

घनता

खुल्या महासागरात बहुतेक सगळं ३३ ते ३७ मध्ये. अरबी समुद्र ३६ च्या आसपास, बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग त्याहून बराच कमी, कारण गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी. हे हलकं पाणी वर तरंगत राहतं, खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग गरम राहतो आणि चक्रीवादळांना बळ मिळतं. बाल्टिक तर सरासरी सात-आठच, आणि उत्तर टोकाला दोन-तीन.

ध्रुवांकडे उलटा खेळ. ३५ चं पाणी उणे १.९ अंशाला गोठतं, गोठताना मीठ बाहेर टाकतं, उरलेलं पाणी जड होऊन बुडतं. खोल समुद्रातले प्रवाह हलतात ते यावर. एका ग्रॅमचा फरकही तिथे मोठा असतो. म्हणून २००९ पासून उपग्रहांनी पृष्ठभागाची लवणता मोजतात, आणि आर्गो या जागतिक प्रकल्पाचे तरंगते यंत्रफुगे दर दहा दिवसांनी २००० मीटर खाली जाऊन वर येताना मोजत येतात.

टवाळ_खार

दहा दिवसांनी एकदा कामावर, आणि बाकी वेळ वाहत जायचं. जागा रिकामी आहे का?

उत्तरवारा

सावकाश, तुमच्या उलट्या मुद्द्याला आणखी एक. युटाहच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून १९५९ मध्ये रेल्वेसाठी दगडी भराव घातला. नद्या सगळ्या दक्षिण भागात येतात, उत्तरेला एकही नाही. एका तळ्याची दोन झाली. उत्तरेकडचं मिठानं भरून गुलाबी पडलं, दक्षिणेकडे खारी कोळंबी आणि माश्या, आणि त्यावर जगणारे लाखो पक्षी. २०१६ च्या शेवटी भरावाला खिंड पाडली. पुढे २०२२ मध्ये पातळी इतकी घसरली की दक्षिण भागही कोळंबीला झेपेनासा व्हायला लागला. तेव्हा खिंडीत खालून येणारं उत्तरेचं दाट पाणी अडवायला बुडता बांध उंच केला, पुढच्या वर्षी आणखी उंच.

सावकाश

म्हणजे भराव घातला, मग फोडला, मग फोडलेल्या जागी पुन्हा बांध घातला?

उत्तरवारा

हो. पण या वेळी वरून पाणी जाईल आणि खालून मीठ येणार नाही इतपतच.